आधी खड्डा, मग खांब

(पाडा-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. काल आपण बालकांच्या पोषणावर बोललो, सकाळी शिष्यवृत्तीच्या अर्जांवर बोललो, आणि आता सोलर दिव्याचे पोल जमिनीत कसे बसवायचे हे ऐकायला बसलो आहोत. पोल बसवणे हे ठेकेदाराचे काम, त्यात आपण काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. पण पोल कुठल्या पद्धतीने बसवायचा हा निर्णय ठेकेदारावर सोडला, तर तो त्याला सोयीची पद्धत निवडतो. पाड्याला सोयीची पद्धत निवडायची असेल, तर पाड्यातल्या माणसांना आणि तुम्हा कार्यकर्त्यांना त्या पद्धती माहीत असायला हव्यात. म्हणून आजचे हे बोलणे.

दिव्याची गरज तुम्हाला मी सांगायला नको. रात्री कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणायचे, तेव्हा पायाखाली काय आहे ते दिसावे लागते. पहाटे अंधारात हातपंपावर जाणाऱ्या मुलींना सोबतीपेक्षाही उजेड हवा असतो. आणि सापांचे म्हणाल तर, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात आणि वाटेवर वावरणारी आपल्यासारखी माणसे.

असा दिवा पडला तर काय होते, याचाही विचार करा. पोल माणसावर किंवा घरावर पडला तर जीव जाऊ शकतो, हे उघड आहे. त्याशिवाय आणखी एक नुकसान होते. दिवा लागल्यावर लोक त्याच्या भरवशावर वागू लागतात. बाई बॅटरी न घेता बाहेर पडते, पोरे रात्री अंगणात खेळतात. मग एके दिवशी तो दिवा आडवा होतो, आणि पुढच्या वेळी आपण काही घेऊन पाड्यात गेलो की लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात म्हणतात, हेही दोन पावसाळे टिकेल.

पोलवर जोर कुठून येतो

आधी एक साधा हिशेब करू. साध्या दिव्याच्या पोलवर वाऱ्याला धरायला फारसे काही नसते. सोलर पोलच्या माथ्यावर मात्र पॅनल असते, आणि ते वाऱ्यापुढे सुपासारखे उभे राहते. बांधकामासाठी वाऱ्याचा वेग किती धरावा हे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिले आहे. त्यात नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर आणि सुरतेसाठी ४४ मीटर असा वेग आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्याला ही दोन्ही शहरे जवळची. म्हणून आपण त्यातला मोठा आकडा धरलेला बरा. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो भरतो. पॅनल अर्ध्या चौरस मीटरचे असेल तर त्यावर सुमारे ६० किलोचा रेटा येईल. पॅनल तिरके असल्यामुळे नेमका आकडा थोडा बदलतो, पण अंदाजाला हा पुरेसा आहे.

आता पहार आठवा. धोंडा उचलताना आपण पहारीचे टोक धोंड्याखाली घालतो आणि लांबच्या टोकाला धरून दाबतो. हाताचा जोर थोडा, पण टोकाला तो कितीतरी पटींनी वाढतो. पोलचेही तसेच होते. पाच मीटर वर, एक मीटर जमिनीत. माथ्यावर साठ किलोचा रेटा आला तर जमिनीतल्या त्या एक मीटरला पाचपटीहून जास्त जोर सोसावा लागतो. म्हणजे खरी झुंज वर दिसत नाही, ती मातीच्या आत चालते. ती माती कशी आहे हे पाहिल्याशिवाय पद्धत ठरवणे म्हणजे बैल न पाहता जू घडवण्यासारखे आहे.

पद्धती किती आणि कोणत्या

पहिली पद्धत थेट गाडण्याची. खड्डा खणायचा, पोल उभा करायचा, दगड-मुरूम टाकून थराथराने धुम्मस करायची. खोलीचा सर्रास वापरला जाणारा ठोकताळा म्हणजे पोलच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत. सहा मीटरचा पोल असेल तर एक मीटर आत, पाच मीटर वर. ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

दुसरी पद्धत गाडून भोवती काँक्रीट भरण्याची. वायरमन याला मफिंग किंवा कोपिंग म्हणतात. पोल तोच, पण मातीऐवजी काँक्रीटचा गठ्ठा त्याला धरतो. तो रुंद असल्यामुळे मातीवरचा जोर वाटला जातो.

तिसरी पद्धत बेसप्लेटची. पोलच्या बुडाला लोखंडी चौकोनी पाटा जोडलेला असतो, त्याला चार भोके असतात. जमिनीत काँक्रीटचा पाया घालताना त्यात चार बोल्ट उभे ठेवतात. काँक्रीट पक्के झाले की त्यावर पोल बसवून नट आवळतात. खर्च जास्त, पण एक मोठा फायदा आहे. बॅटरी किंवा दिवा बिघडला तर नट सैल करून पोल खाली घेता येतो. बुडाला बिजागरी असलेला पोल मिळाला तर चार माणसे दोरीने तो आडवा करतात. आपल्या पाड्यांवर क्रेन येत नाही, आणि पाच मीटरवर शिडी लावून लोंबकळण्यापेक्षा हे केव्हाही सुरक्षित.

चौथी पद्धत खडकात बोल्ट रोवण्याची. वरची माती काढून पक्का खडक उघडा करायचा, मशीनने भोके पाडायची, त्यातली भुकटी फुंकून अगदी साफ काढायची, सळई-बोल्ट घालून न आकसणारा ग्राउट भरायचा. वर बेसप्लेटचाच पोल बसतो.

शहरातले ठेकेदार आणखी दोन पद्धती सांगतात. एक, कारखान्यात तयार केलेला काँक्रीटचा पाया गाडीने आणून पुरणे. दुसरी, मोठ्या स्क्रूसारखा लोखंडी पाया मशीनने जमिनीत फिरवत उतरवणे. दोन्ही चांगल्या आहेत, झटपट होतात. पण तयार पाया पाच-सहाशे किलोचा असतो, तो उतरवायला क्रेन लागते. स्क्रूला मशीन लागते, आणि खडक किंवा मोठे दगड आले की तो अडतो. जिथे ट्रॅक्टरसुद्धा नाल्यापर्यंतच येतो, तिथे या पद्धतींचा विचार नको.

आणि एक पद्धत बिनपोलची. शाळेची किंवा समाजमंदिराची पक्की विटांची भिंत योग्य जागी असेल, तर तिच्यावर ब्रॅकेट ठोकून दिवा बसवता येतो. कुडाच्या भिंतीवर मात्र हे कधीही करू नका.

आपल्या भागातल्या जमिनी

आता या पद्धती आपल्या जमिनीवर ठेवून पाहू. आपले काम एकाच जिल्ह्यात असले तरी जमिनी तीन तऱ्हांच्या आहेत.

शहादा-तळोद्याकडे तापीच्या बाजूला काळी माती आहे. सरदार सरोवरात घरे-शेते बुडालेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहती याच पट्ट्यात आहेत. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात तिला भेगा पडतात. काठी घालून पाहिलीत तर हातभर काठी सहज आत जाते, कुठे कुठे त्याहूनही खोल. अशा जमिनीत थेट गाडलेल्या पोलभोवती उन्हाळ्यात फट पडते. त्याच सुमारास वळवाची वादळे येतात. पोल आधीच सैल, त्यात वारा त्याला हलवून फट मोठी करतो, मग त्या फटीत पावसाचे पाणी शिरून तळाचा चिखल होतो. दोन-तीन वर्षांत पोल झुकलाच. एका वसाहतीत मी असेच झुकलेले पोल पाहिले. लोकांनी त्यांना बाजेच्या दोऱ्यांनी कडुनिंबाला बांधले होते. बसवणाऱ्याने मुरमाच्या जमिनीत चालणारी पद्धत काळ्या मातीत वापरली होती. त्याचा दर मात्र दोन्हीकडे सारखाच होता.

काळ्या मातीत बेसप्लेट आणि काँक्रीटचा पायाच घ्यावा. खड्डा रुंद खणून पायाच्या खाली आणि चहुबाजूंनी मुरमाचा थर द्यावा, म्हणजे फुगणारी माती थेट काँक्रीटला रेटत नाही. पायाचा माथा जमिनीपासून वीतभर वर ठेवून त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, पाणी बुडाशी थांबता कामा नये. सुदैवाने या वसाहतींना रस्ता आहे, त्यामुळे सिमेंट-खडी गाडीने पोचते.

दुसरी जमीन धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली. सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. हात-दीड हात खणले की मुरूम किंवा खडक लागतो. इथे काँक्रीटचा मोठा पाया घालायचे ठरवले तर काय होईल ते पाहा. ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि एक मीटर खोल पाया धरा. त्याला १:१½:३ या प्रमाणात सुमारे तीन गोणी सिमेंट, त्याच्या दीडपट वाळू आणि तिप्पट खडी लागते. पाणी सोडून सारे मिळून आठशे किलोच्या वर ओझे झाले. एका पोलसाठी. ते डोक्यावरून डोंगर चढवणार कोण? शेवटी बायाच. आणि खडक फोडून तो खड्डा करायचा तो वेगळाच. ज्या खडकाला देवाने आधीच पाया करून ठेवले आहे, तो फोडून आपण तिथे काँक्रीट भरायचे, हा शहाणपणा नव्हे. पक्का खडक लागला तर चौथी पद्धत वापरा. एक ड्रिल मशीन, छोटा जनरेटर आणि ग्राउटच्या दोन-तीन पिशव्या एवढेच वर न्यावे लागते. घट्ट मुरूम लागला तर पोल मुरमात गाडून वरच्या भागाला काँक्रीटचा गळपट्टा दिला तरी चालतो.

मात्र एक खबरदारी घ्या. लागलेला दगड हा खरेच खडक आहे की मातीत अडकलेला धोंडा, हे नीट पाहा. घणाचा ठोका मारा. अखंड खडक खणखणीत वाजतो, सुटा धोंडा बद्द बोलतो. शंका असेल तर आजूबाजूची माती काढून त्याची कड सापडते का ते पाहा. धोंड्याला पोल बांधला तर वादळात धोंड्यासकट जातो.

तिसरी जमीन नदी-नाल्याकाठच्या गाळाची आणि भर टाकलेल्या जागेची. हिच्यासाठी उत्तम पद्धत एकच, जागा बदलणे. वीस पावले सरकून घट्ट जमीन मिळत असेल तर पोल तिथे न्या. भर कुठे आहे हे नकाशात सापडत नाही, म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते. एका पाड्यात चौकातली सपाट जागा सगळ्यांना पसंत पडली होती. तेव्हा एक आजोबा ओट्यावरून म्हणाले, “तिथे माझ्या बापाची विहीर होती. आटली म्हणून आम्हीच ती बुजवली.” कुठल्याही यंत्राने त्या दिवशी आपल्याला एवढी मोलाची माहिती दिली नसती.

खरेदीच्या आधी खड्डा

आता माझा मुख्य मुद्दा. गाडायचा पोल आणि बेसप्लेटचा पोल हे दोन वेगळे पोल आहेत. गाडायचा पोल लांब असतो, त्याला बुडाला पाटा नसतो. बेसप्लेटचा पोल पाच मीटरचा घेतला तरी उजेड तितक्याच उंचीवरून पडतो. म्हणजे ज्या दिवशी आपण पोलची ऑर्डर देतो, त्या दिवशी पद्धतही ठरून जाते. नंतर जमीन पाहून काही उपयोग नाही. सर्वसाधारणपणे होते असे की मार्चअखेर पैसे खर्च करायचे असतात, कोटेशन मागवले जाते, सर्वांत कमी दराचे पोल येतात, ते शाळेच्या आवारात रचून ठेवले जातात, आणि मग कुणीतरी विचारतो, खणायचे कुठे? सगळा क्रम उलटा.

म्हणून आपला क्रम असा असावा. आधी पाड्याने जागा ठरवायच्या. मग प्रत्येक जागी पहार-फावड्याने एक मीटर खोल खड्डा खणून पाहायचा. काय लागले ते वहीत लिहायचे. मग पद्धत, मग पोल, आणि शेवटी त्या पोलच्या बेसप्लेटच्या मापाचे बोल्ट. पायाचा आकार आणि बोल्टची जाडी तेवढी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून नक्की करून घ्या. मी सांगितलेली मापे समजण्यापुरती आहेत. पण इंजिनिअरला तुमच्या वहीतली माहिती मिळाली तर तो बरोबर सांगू शकेल, नाहीतर तोही अंदाजच करील.

लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला घर बांधणाऱ्याचा दाखला आपण सगळ्यांनी मुलांना शिकवला आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायातही तो आहे. मत्तय खडक आणि वाळू यांवर भर देतो. लूक मात्र आणखी एक गोष्ट नोंदवतो, की शहाण्या माणसाने खोल खणले. खडक वर दिसत नव्हता, तो खणल्यावर लागला. आणि पूर येईपर्यंत दोन्ही घरे बाहेरून सारखीच दिसत असणार. उद्घाटनाच्या दिवशी सगळे पोल सरळच उभे असतात. म्हणून फोटो काढून अहवाल पाठवणे हे आपल्या कामाचे मोजमाप होऊ शकत नाही.

त्याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च काढावा असे प्रभूने सुचवले आहे. आपणही बसून खर्च काढू. समजा देणगीतून दहा पोल येतात, पण त्या दहांच्या दरात पाया म्हणजे नुसता खड्डा आणि माती. नीट पाया घालायचा तर त्याच पैशात कदाचित सात किंवा आठच होतील. त्या वेळी मोह होतो, दहाच करू, संख्या चांगली दिसते. माझे म्हणणे स्पष्ट आहे. सात करा. ज्या पाड्याला या वर्षी मिळणार नाही त्यांना समोर बसून तसे सांगा, आणि देणगीदारांनाही पत्रात कारण लिहा. खरे कारण कळले की देणारा माणूस रागावत नाही. दहा पोल दाखवून तीन पडले तर मात्र त्याचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला फार वर्षे लागतात.

केव्हा बसवायचे

पद्धतीइतकाच हंगामही महत्त्वाचा आहे. काँक्रीटला पाणी मारावे लागते. सात दिवसांत त्याची साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. निदान सात दिवस, जमल्यास दहा-बारा दिवस ते ओले ठेवायचे आणि तोवर त्यावर पोल चढवायचा नाही. आता हेच काम एप्रिल-मेमध्ये काढले तर पाणी कुठून आणणार? ज्या हातपंपावर दोन हंड्यांसाठी तासभर रांग असते, तिथूनच. पाड्यातली बाई प्यायचे पाणी आणून आपल्या सिमेंटवर ओतणार, हे मला पटत नाही.

म्हणून पाहणी मे महिन्यात करा, कारण काळ्या मातीच्या भेगा तेव्हाच दिसतात. आणि काम पावसाळा संपल्यावर करा. तेव्हा नाल्याला पाणी असते, जमीन खणायला मऊ असते. फक्त लवकर करा, कारण दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि होळीपर्यंत पाडा निम्मा रिकामा होतो. लोक गावात नसताना बसवलेला पोल लोकांचा होत नाही.

पाणी राखायची सोपी युक्ती अशी. पायाच्या माथ्यावर मातीचे गोल आळे करून त्यात पाणी साठवा आणि वर ओले गोणपाट टाका. काँक्रीट कालवताना घमेल्याने मोजून माल घ्या, आणि सैल व्हावे म्हणून जास्त पाणी ओतू देऊ नका. जास्त पाण्याचे काँक्रीट भरायला सोपे जाते, पण वाळल्यावर कमजोर निघते.

उभारताना उभे राहून पाहायच्या गोष्टी

त्या दिवशी तुमच्यापैकी एकाने तिथे हजर राहावेच. काय पाहायचे ते सांगते. बोल्ट लाकडी किंवा लोखंडी साच्यात धरूनच काँक्रीट भरले पाहिजे, नाहीतर ते हलतात आणि भोके जुळत नाहीत. मग कामगार घणाने बोल्ट वाकवून जुळवतात. असे करू देऊ नका, वाकवलेला बोल्ट निम्मा मेलेला असतो. बोल्टच्या आट्यांना भरण्याआधी कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळा. पोल उभा झाला की ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहा, एकदा समोरून आणि एकदा काटकोनातून. पॅनलचे तोंड दक्षिणेला हवे आणि त्यावर आंब्याची किंवा मोहाची सावली पडता कामा नये. झाड तोडू नका, पोल सरकवा. बेसप्लेट मातीने झाकू नका, नट दिसले पाहिजेत आणि त्यांना ग्रीस लागले पाहिजे. गाडलेला पोल गंजतो तो बहुधा जमिनीच्या पातळीलाच, म्हणून तिथे डांबराचा लेप द्या.

दोन गोष्टींत जराही सूट नको. महावितरणच्या तारांखाली किंवा जवळ लोखंडी पोल उभा करायचा नाही. उभा करताना तो तारेला टेकला तर धरलेले सगळे जातात. आणि खणलेला खड्डा रात्री उघडा ठेवायचा नाही. त्यावर फळ्या टाकून काट्या लावा, पोरे आणि शेळ्या अंधारातच फिरतात.

जागा कोणाची, दिवा कोणाचा

शेवटी जागेबद्दल थोडे. पोल पाड्यात असला तरी जमीन ग्रामपंचायतीची, खासगी किंवा वनजमीन असू शकते. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे. ग्रामसभेचा ठराव घेतल्याशिवाय पहार उचलू नका. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६ चे कलम ३(२) वाचा. त्यात शाळा, अंगणवाडी, पाणी यांच्याबरोबर अपारंपरिक ऊर्जेचाही उल्लेख आहे. हे कलम सरकारी व्यवस्थापनाखालच्या सुविधांसाठी आहे आणि त्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते, म्हणून ग्रामपंचायतीला आणि वनविभागाला बरोबर घेऊनच पुढे जा.

आणि पहिला पोल प्रार्थनामंदिराच्या दारात लावू नका. पहिला हातपंपावर, दुसरा नाल्याच्या उतारावर. दिवा दिवठणीवर ठेवावा तो घरातल्या सगळ्यांना उजेड मिळावा म्हणून, असे आपल्या प्रभूनेच शिकवले आहे. त्या घरात आपली मंडळी आहेत तशी पुजाऱ्याचे घर आहे, कारभाऱ्याचे आहे, आणि आपल्याशी वर्षानुवर्षे न बोलणाऱ्याचेही आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या पाड्यातल्या तीन जागांची नोंद आणावी. जागा कोणी सुचवली, किती खोलीवर काय लागले, पाणी कुठून येते, मे महिन्यात भेगा पडतात का, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून डोक्यावर किती अंतर. एवढ्या पाच-सहा ओळी पुरेत. माती पिशवीत घालून आणलीत तर आणखी चांगले. त्या नोंदी समोर ठेवल्यावरच आपण कोटेशन मागवू. त्याआधी कोणी पोल घ्यायचे म्हटले तर नम्रपणे थांबवा.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला स्थैर्य देवो. आमेन.